जोन गँझ कूनी कोण? ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये त्यांचं नेमकं काम काय होतं?

‘सेसमी स्ट्रीट’ ही लहान मुलांची अमेरिकी टीव्ही मालिका म्हटलं की बाहुल्या आठवतात, पण त्यामागची संस्था उभी केली ती कूनीबाईंनी. त्या आधी न्यूयॉर्कच्या चॅनल १३ वर माहितीपट करायच्या.

१९६६ मध्ये त्यांच्या घरी देणग्या देणाऱ्या कार्नेगी कॉर्पोरेशन या संस्थेचे लॉइड मॉरिसेट जेवायला आले होते. मॉरिसेट यांची चिमुरडी पहाटे उठून टीव्हीसमोर बसायची, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या टेस्ट पॅटर्नकडे (कार्यक्रम नसताना पडद्यावर दिसणाऱ्या स्थिर चित्राकडे) बघत! मग याच डब्यातून मुलांना शिकवता येईल का? कूनींनी तज्ज्ञांना गाठून त्यावर अहवाल लिहिला.

खरी कसोटी पैशाची होती. कार्नेगी, फोर्ड फाउंडेशन आणि अमेरिकी सरकार मिळून सुमारे ८० लाख डॉलर जमले. जवळपास निम्मे सरकारचे. बाईच्या हाती इतका मोठा कारभार द्यावा का, अशी कुजबुजही झालीच. तरी १९६८ मध्ये ही मालिका काढणाऱ्या चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप या संस्थेची सूत्रं त्यांच्याकडेच आली आणि १० नोव्हेंबर १९६९ ला पहिला भाग लागला.

माझ्या मते त्यांची हुशारी पुढे दिसते. देणग्यांवर कायम विसंबता येत नाही, म्हणून पुस्तकं-खेळण्यांच्या परवान्यांतून संस्थेला स्वतःची मिळकत मिळाली. १९९० पर्यंत त्याच प्रमुख होत्या. आपल्याकडचं ‘गली गली सिम सिम’ याच घरातलं.