शंकासमाधान : विघ्न आणि अडसर

प्रश्न : गणपतीला आपण विघ्नहर्ता म्हणतो. ‘विघ्न’ हा शब्द कसा बनला आणि ‘अडसर’ त्याचाच समानार्थी आहे का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘मारणे’ या अर्थाचा ‘हन्’ हा संस्कृत धातू यांपासून ‘विघ्न’ बनला असून ‘शत्रुघ्न’, ‘कृतघ्न’ यांतला ‘घ्न’ही तोच आहे; म्हणून विघ्न म्हणजे नुसता खोळंबा नव्हे, तर हाती घेतलेल्या कार्याचा घात. गणपती विघ्नेश्वरही आहे, म्हणजे विघ्ने आणणारा आणि निवारणाराही, हे आरतीच्या गजरात सहसा विसरले जाते. ‘अडसर’ मात्र घरगुती शब्द : कोकणातल्या जुन्या घरांत रात्री दारामागे आडवा घालायचा लाकडी दांडा. तो हाताने काढता येतो, त्यामुळे पैशांच्या अडचणीला अडसर म्हणणेच आम्हाला योग्य वाटते.