भित्तिपत्रकात एलजीबीटी इतिहास मांडतोय, ट्रान्सजेंडर समाजाचा कागद कुठे लावावा?

कोल्हापुरातल्या कॉलेजसाठी सहा कागदांचं भित्तिपत्रक करताय आणि ट्रान्सजेंडरांचा कागद शेवटी, 'इतर' म्हणून लावायचं चाललंय, असं तुम्ही लिहिलंय. मी तो पहिला लावेन. आपल्याकडे कायद्याचा दंडुका त्यांच्यावर नाव घेऊन पडला.

सुरुवात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने करा. 'युनक' (इंग्रजांच्या कागदांत हिजड्यांसाठी वापरलेला शब्द) म्हणून नोंद झालेल्या माणसाने बाईच्या वेशात रस्त्यावर दिसणं किंवा नाचणं-वाजवणं हा गुन्हा होता. विनावॉरंट अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. मात्र हा भाग उत्तर हिंदुस्थानापुरता होता, तो कोल्हापूर संस्थानाच्या माथी मारू नका. शेजारी १८८४ चा, खैराती नावाच्या व्यक्तीवरचा खटला घ्या. बाईच्या वेशात गाण्यावरून पोलिसांची नजर पडली आणि प्रकरण कलम ३७७ पर्यंत, म्हणजे समलैंगिक संबंधांनाही गुन्हा ठरवणाऱ्या कलमापर्यंत गेलं. अलाहाबाद हायकोर्टाने खैरातीला शेवटी सोडलं.

स्टोनवॉलच्या (न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांनी छापा घातल्यावर २८ जून १९६९ ला उसळलेला दंगा) कागदावर 'पहिली वीट मार्शा जॉन्सनने (चळवळीतली ट्रान्स कार्यकर्ती) फेकली' हे वाक्य हमखास घुसतं. ते खोडा. आपण पोचलो तेव्हा दंगा सुरू झाला होता, असं तिनेच सांगितलंय. त्याऐवजी १९७३ ची न्यूयॉर्कची प्राइड सभा दाखवा. ट्रान्स कार्यकर्ती सिल्विया रिव्हेरा बोलायला उभी राहिली आणि चळवळीतल्याच लोकांनी तिची हुर्यो उडवली.

२०१४ आणि २०१८ चे निकाल एकत्र कोंबू नका. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३७७ कायम ठेवलं. १५ एप्रिल २०१४ ला त्याच कोर्टाने नालसा निकालात तृतीयपंथी ओळख मान्य केली. म्हणजे ओळख कायदेशीर, पण संबंध गुन्हा! ६ सप्टेंबर २०१८ ला कोर्टाने सज्ञानांमधले संमतीचे संबंध ३७७ मधून वगळले, तोवर हे असंच चाललं.

स्थानिक कागद जोगत्यांचा. इथे 'जोगता म्हणजेच हिजडा' असं लिहून बसतात. जोगता यल्लमाला वाहिलेला. काही जण स्वतःला बाई मानतात, काही मानत नाहीत. हिजडा घराण्यांची गुरू-चेला रीत वेगळी. चित्रात डोक्यावरचा जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली), काखेतलं चौंडकं (तंतुवाद्य), गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर भंडारा हवा.

फोटोसाठी ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेत जाल, तर जग डोक्यावर असताना कॅमेरा पुढे करू नका. तो खाली उतरू द्या, मग परवानगी मागा. फोटोखाली 'तो' लिहायचं की 'ती', हेही तेव्हाच विचारून घ्या.