सीपीएलचं (व्यावसायिक पायलट परवान्याचं) कर्ज: मंजुरीआधी हप्ते कशावर सुटणार ते विचार

तुझी पोस्ट वाचली. पुण्यात इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, शनिवार-रविवारी बारामतीला जाऊन सीपीएलसाठी उड्डाणाचे तास भरायचे, फ्लाइंग स्कूलचं ५५ लाखांचं पॅकेज, साताऱ्याची जमीन तारण ठेवायची तयारी, आणि बँक म्हणतेय सेमिस्टरप्रमाणे फीचं पत्र आणा. हे शेवटचं वाचून पोटात गोळा आला, कारण माझं गाडं नेमकं तिथेच अडलं होतं. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतेय.

मेडिकल, कॉम्प्युटर नंबर (परवान्याच्या परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक) वगैरे तुला माहीत असणारच. फक्त क्लास १ मेडिकल (व्यावसायिक पायलटला लागणारं आरोग्य प्रमाणपत्र) हातात येईपर्यंत कुणालाही एक रुपया देऊ नकोस.

माझं कर्ज मंजूर होतं, घर तारण होतं, कागद पूर्ण होते. पण बँकेच्या त्या शाखेच्या फॉर्मवर रकाने होते सेमिस्टर १, सेमिस्टर २ असे. बँकेकडून फीचा पहिला हप्ता सुटला, माझं सोलो (एकटीने केलेलं पहिलं उड्डाण) झालं, आणि दुसऱ्या हप्त्याला साहेबांनी विद्यापीठाची मार्कशीट मागितली. मी लॉगबुक पुढे केलं. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, तास-मिनिटं, इन्स्ट्रक्टरची सही, सगळं त्यात होतं. त्यांनी चार पानं उलटली, "यावर विद्यापीठाचा शिक्का कुठाय?" विचारलं आणि फाईल वरच्या कार्यालयात पाठवली. तिथून शेरा मारून परत शाखेत, शाखेतून पुन्हा वर.

तोवर फ्लाइंग स्कूलमधली माझी शिल्लक संपली. शिल्लक संपली की रोस्टरवरून, म्हणजे उड्डाणांच्या यादीतून, नाव जातं. हॉस्टेल-मेस चालू, उचललेल्या रकमेवर व्याज चालू, उड्डाण मात्र बंद. त्यात पावसाळा लागला. एवढा खंड पडल्यावर कुणी थेट सोलोला सोडत नाही, आधी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून पुन्हा सर्किट-लँडिंग (धावपट्टीभोवती फेरी मारून उतरणं) करून दाखवावं लागतं. सीपीएलच्या २०० तासांत १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना, लागतात. हे इन्स्ट्रक्टरसोबतचे वाढीव तास (ड्युअल) त्या १०० त धरत नाहीत, पैसे मात्र पूर्ण तासाचे जातात. माझं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं. आजही राग येतो, कारण बँकेने फ्लाइंग स्कूलला एक फोन लावला असता तर साहेबांचं समाधान पाच मिनिटांत झालं असतं. तो फोन कुणी लावला नाही.

म्हणून सांगते, किती लाख मंजूर होतात हे नंतर बघ. फ्लाइंग स्कूलच्या लेटरहेडवर टप्पे लिहून घे: सोलो, क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे लांबचं उड्डाण), इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडणं), नाइट. प्रत्येक टप्प्याला तास किती, रक्कम किती, आणि पुरावा म्हणून चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या सहीचं पत्र. हीच भाषा बँकेच्या सँक्शन लेटरच्या (मंजुरीपत्राच्या) अटींत आली पाहिजे. "करून देऊ हो" यावर जाऊ नकोस. साहेबांची बदली झाली की तो शब्दही त्यांच्याबरोबर जातो. आणि अख्खं पॅकेज एकरकमी मागणाऱ्या स्कूलला, कितीही सूट देऊ दे, मी तरी पैसे देणार नाही. प्रशिक्षण मधेच सोडावं लागलं तर न वापरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, ही ओळ करारात शोध.

साताऱ्याच्या जमिनीचं बोलायचं तर शेतजमिनीला सरफेसी कायदा (कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा) लागू नाही, त्यामुळे नुसता सातबारा बघून बँका सहसा पुढे सरकत नाहीत. बिनशेती प्लॉट किंवा राहतं घर असेल तर तेच आधी पुढे कर. बिनतारण देणाऱ्या खासगी वित्तसंस्था आहेत, पण व्याजदर बघून मग ठरव.

शनिवार-रविवारच्या बेताबद्दल माझं मत वेगळं आहे, पटलं तर घे. हौसेसाठी पीपीएल (खासगी पायलट परवाना) करायचं असेल तर ठीक. सीपीएल असं तुकड्यातुकड्यांनी करू नये. एखाद्या शनिवारी ढग खाली असतात, एखाद्या रविवारी विमान तपासणीला गेलेलं असतं, आणि खंड पडला की वर सांगितलं तेच. शिवाय ते २०० तास परवान्याच्या अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांतलेच धरतात. त्यापेक्षा कॉलेज चालू असताना डीजीसीएचे (परवाने देणाऱ्या सरकारी विमान वाहतूक संचालनालयाचे) पेपर काढ. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स यांना बसायला फ्लाइंग स्कूलचा प्रवेश लागत नाही, पासिंग ७० टक्क्यांना आहे आणि खर्च त्या मानाने किरकोळ. पास झाल्याचा निकाल ठराविक मुदतीपुरताच धरतात, त्या मुदतीचा हिशेब मात्र आधी मांड. डिग्री झाली की सलग उडायला जा.

ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसीत येत असशील तर महाज्योतीच्या (या वर्गांसाठीच्या राज्य सरकारी संस्थेच्या) जाहिरातींवर लक्ष ठेव; नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएलची योजना त्यांनी राबवलेली आहे.

मी बँकेतली नाही, सीएही नाही. माझं कर्ज जुनं आहे, त्यामुळे नियम शाखेत पुन्हा विचारून घे.

आणखी एक. तुझ्या ५५ लाखांत टाइप रेटिंग (ठराविक प्रकारचं विमान उडवण्याचं वेगळं प्रशिक्षण) धरलेलं दिसत नाही, तो खर्च वेगळा. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी लावलाय का तेही बघ. डीजीसीए-मान्य संस्थेच्या मान्य फ्लाइंग कोर्सला जीएसटी माफ असल्याचं परिपत्रक ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, क्रमांक २३४. लावला असेल तर त्याची प्रत काढूनच अकाउंट्सवाल्यांशी बोल.