तत्कार तोंडपाठ आहे, मग पाय का ऐकत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की पस्तिशीत कथक सुरू केलं, तत्कार (पायांच्या ठोक्यांचा मूळ क्रम आणि त्याचे बोल) झोपेतही म्हणू शकता, पण पाय उचलला की गोंधळ. 'शरीराची स्मृती' वेगळी असते का, हा तुमचा प्रश्न. मी बत्तिसाव्या वर्षी सुरू केलं होतं आणि माझीही हीच गत होती, म्हणून त्या वेळी याबद्दल बरंच वाचलं.

गोंधळ बहुधा पाचव्या मात्रेला, म्हणजे तालाच्या पाचव्या ठोक्याला होत असेल. 'ता थेई थेई तत' म्हणजे उजवा, डावा, उजवा, डावा. त्यानंतरचा 'आ' पुन्हा डाव्यानेच! आठवी मात्रा संपून हा आठाचा क्रम पुन्हा सुरू होतो तेव्हा उजवा दोनदा. (सोळा मात्रांच्या तालात तो असा दोनदा येतो.) आता, डाव्यानंतर उजवा हा चालण्याचा क्रम आपल्यात फार खोल मुरलेला असतो. मांजरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की पावलांची ही आलटून-पालटून लय मज्जारज्जूतल्या चेतापेशी मेंदूच्या मदतीशिवायही चालवू शकतात. तत्कार नेमकी तीच लय मोडतो. नवीन शिकण्याआधी जुनं दाबून धरायचं, हे खरं काम.

स्मृतीचं म्हणाल तर ती पायात नसते, मेंदूतच असते, पण पाठांतराच्या खोलीत नाही. हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णाची 1953 मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना नवीन आठवणीच राहीनात. तरी आरशात बघून चांदणीची आकृती गिरवण्यात ते दिवसेंदिवस तरबेज होत गेले, आणि हे आपण आधी केलंय हे मात्र त्यांना आठवत नसे. तुमचं सध्या उलट आहे: बोल आठवतात, कौशल्य अजून तयार व्हायचंय.

ते तयार करण्यात डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू मोठा वाटा उचलतो. पाय कसा पडायला हवा होता आणि कसा पडला, यातला फरक तो पुढच्या वेळेसाठी वळता करतो. त्यासाठी चूक स्पष्ट कळायला हवी, म्हणून आधी ठाय, म्हणजे संथ लय. घाईत चुकलेलंच पक्कं होतं.

आणि चौगुनीत, म्हणजे एका मात्रेत चार ठोके घेताना, तर दुरुस्तीला वेळच नसतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत चौगुन म्हणजे सेकंदाला 8 ठोके, दोन ठोक्यांमध्ये 125 मिलिसेकंद. तळव्याची खबर वर जाऊन सुधारलेला हुकूम खाली येईपर्यंत पुढचा ठोका पडून गेलेला असतो. त्यामुळे मेंदू सुटे ठोके सांभाळत बसत नाही, चार-चार ठोक्यांचा एकेक घास करून तो आधीच आखून पाठवतो. पढंत, म्हणजे बोल मोठ्याने म्हणणं, हाताने ताल देत करायला लावतात, ते मला यासाठीच पटतं: ते घास आधी तोंडात आणि हातात तयार होतात. (सुरुवातीला मला पढंत म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.)

म्हणून महिनाभर दुगुन (दुप्पट लय) विसरा. फक्त 'तत-आ' हा सांधा घ्या, डावा-डावा, हळू, बोल मोठ्याने म्हणत.

दोनेक वर्षांनी याची दुसरी बाजू दिसेल. माझा तत्कार मजेत चालला असताना शिकवणाऱ्या ताईंनी मध्येच विचारलं, "अकराव्या मात्रेला कुठला पाय?" मी जागीच अडखळले. सांगता येईना. शेवटी समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, पुन्हा करून बघावं लागलं. उजवा होता.