सीमोल्लंघन की नुसतं ओलांडणं?

प्रश्न असा आहे: “उपदेशात ‘इस्राएल लोकांचं रानातलं सीमोल्लंघन’ असं ऐकलं. एकेक सीमा मोडत ते वचनदत्त देशाकडे गेले, तसं आपणही करावं, असा बोध सांगितला. सीमोल्लंघन हा शब्द तिथे चालेल का?”

वचनदत्त देशाच्या उंबरठ्यावरच्या यार्देन नदीपाशी चालेल. रानात मात्र अडखळेल.

आपल्या कानाला सीमोल्लंघन म्हटलं की दसरा ऐकू येतो. गावाच्या शिवेबाहेर जायचं, शमीची पूजा करायची, आपट्याचं सोनं लुटायचं. पाऊस सरल्यावर मोहिमा निघायच्या त्याचीही आठवण या शब्दाला चिकटलेली आहे. म्हणजे इथे शीव ओलांडणं हे आधीच शुभ ठरलेलं आहे, विजय गृहीत धरलेला आहे.

मिसर सोडल्यावर रानात काढलेल्या चाळीस वर्षांचा हिशेब काढला तर वेगळंच दिसतं. बायबलातल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात लोकांचा पुढारी मोशे शेजारच्या अदोमाच्या राजाकडे कादेश या मुक्कामाहून निरोप धाडतो: आम्हाला तुझ्या देशातून जाऊ दे, शेतामळ्यांत शिरणार नाही, विहिरीचं पाणी पिणार नाही, राजमार्ग सोडून उजवीडावीकडे वळणार नाही. राजा नाही म्हणतो, वर फौज घेऊन आडवा येतो. इस्राएल लोक काय करतात? वळसा घालतात. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तर देवाचीच ताकीद आहे की एसावाच्या वंशजांची, म्हणजे अदोमी लोकांची, पाऊल टेकण्याइतकीही जमीन तुम्हाला मिळणार नाही, अन्नपाणी पैसे मोजून घ्या. मवाब आणि अम्मोन यांच्याबद्दलही तेच: तो देश लोटाच्या वंशजांना दिलेला आहे. थोडक्यात, दुसऱ्याचा बांध कोरायचा नाही.

या सीमेला मूळ हिब्रू मजकुरात शब्द आहे ‘गेवुल’. त्याचा अर्थ रेघ असाही होतो आणि रेघेच्या आतला मुलूख असाही. मराठीत ‘सीमा’ म्हणजे फक्त रेघ, पण ‘हद्द’ दोन्ही कामं करते: हद्द आखतात, आणि चोरी अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत होते. म्हणून ‘गेवुल’ला मला सीमेपेक्षा हद्द जवळची वाटते. अरबीतून आलेला शब्द आहे म्हणून धार्मिक मजकुरात काहींना तो खटकतो; मला नाही खटकत. शेजाऱ्याची हद्द सरकवू नको, या ‘अनुवाद’च्या एकोणिसाव्या अध्यायातल्या आज्ञेतही हाच ‘गेवुल’ आहे, आणि तिथे त्याचा रोख थेट शेताच्या बांधाकडे आहे. विदर्भातला शेतकरी त्याला धुरा म्हणेल आणि आज्ञा लगेच समजेल.

आता क्रियापद. खरी गंमत तिथे आहे. पार जाणं याला हिब्रूत ‘आवर’ म्हणतात (आपल्या ‘आवर’शी नातं नाही, अर्थ जवळजवळ उलटा आहे). मोशे अदोमाकडे परवानगी मागतो ती ‘आवर’ करण्याची. जेरेदचा ओढा लोक पार करतात तेही ‘आवर’. कादेश सोडल्यापासून तिथे पोहोचायला अडतीस वर्षं लागली. आर्णोनच्या खोल दरीपाशीही तोच शब्द. ती दरी मवाबाची सरहद्द, आजच्या जॉर्डनमधली वादी मुजिब.

पण आज्ञा मोडण्यालाही ‘आवर’च म्हणतात. वचनदत्त देश पाहून आलेल्या हेरांची बातमी ऐकून लोक आधी घाबरतात, मग या पिढीला तो देश मिळणार नाही ही शिक्षा ऐकल्यावर भलत्या वेळी डोंगरावर चाल करून जायला निघतात. मोशे विचारतो, परमेश्वराची आज्ञा का मोडता? मूळ शब्द तोच. ते ऐकत नाहीत आणि हर्मा या गावापर्यंत मार खातात. मराठीतही नियमांचं उल्लंघन हा गुन्हा आणि सीमेचं उल्लंघन हा सण! फरक इतकाच की आपण ‘सीमोल्लंघन’ असा जोडशब्द करून चांगली बाजू वेगळी काढून ठेवली. हिब्रू वाचकाला तशी सोय नाही. पार जाणं आणि मोडणं त्याला एकाच शब्दात ऐकावं लागतं.

त्यामुळे भाषांतरात किंवा उपदेशात मी साधं ‘ओलांडणं’ वापरीन. नदी ओलांडतात, उंबरठा ओलांडतात आणि मर्यादाही ओलांडतात. आपल्याकडचा हाच एक शब्द दोन्ही बाजूंना उघडा आहे. ‘आपल्या सीमा ओलांडा’ हा बोध कुणाला हवा असेल तर त्याने जरूर सांगावा, पण अदोमाला घातलेला वळसा तेव्हा डोळ्यांआड करावा लागेल.

सीमोल्लंघन यार्देनेला का चालेल? तिथे पलीकडे जायची आज्ञाच होती. शिवाय ‘यहोशवा’च्या चौथ्या अध्यायात तारीख दिली आहे: पहिल्या महिन्याचा दहावा दिवस. हिब्रू महिना नव्या चंद्राने सुरू होतो, म्हणजे आपल्या हिशेबाने ती शुद्ध दशमीच झाली. आश्विनातली नव्हे, चैत्राच्या सुमाराची. हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.

मोशेला मात्र तेवढं मिळालं नाही. ‘अनुवाद’च्या तिसऱ्या अध्यायात तो विनवतो, मला पलीकडे जाऊ दे. पुढच्याच वाक्यात देव रागावला असं येतं, आणि त्या रागाच्या क्रियापदातही ‘आवर’चीच अक्षरं आहेत. मराठीत हा खेळ कसा आणायचा, ते मला अजून जमलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा.