नववी-दहावीच्या मुलांना कथेतल्या पात्राचा स्वभाव उलगडायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय, 'या पात्राचे स्वभावविशेष लिहा' असं म्हटलं की सगळ्या वह्यांत एकच उत्तर येतं: प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी. आणि तेही गाईडातून उतरवलेलं. मी अठरा वर्षं मराठी शिकवतेय आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं हे उत्तर मीच फळ्यावर लिहून देत होते. त्यामुळे गाईडाला बोल लावायचा मला फारसा अधिकार नाही.

एका वर्षी वह्या तपासता तपासता इतका वैताग आला की दुसऱ्या दिवशी वर्गात विशेषणांवर बंदी घातली. पात्राबद्दल बोलायचं ते क्रियापदानं. 'तो कसा आहे' हे नको, 'तो काय करतो' ते सांगा. पहिला तास सगळे गप्प. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, मग लिहायचं काय?" त्या प्रश्नापासून माझं खरं शिकवणं सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

तास मराठीचा असला तरी मी सुरुवात प्रेमचंदांच्या 'ईदगाह'पासून करते. (आमच्या हिंदीच्या बाई यावरून मला चिडवतात.) गोष्ट छोटी आहे, बऱ्याच मुलांच्या कानावरून गेलेली असते. शिवाय हामिद त्यांच्यापेक्षा खूप लहान, चार-पाच वर्षांचा. स्वतःपेक्षा लहान पोराबद्दल नववीची मुलं बिनधास्त बोलतात, मोठ्या पात्रासमोर जरा अदबीनं वागतात. आई-बाप गेलेला हामिद आजीजवळ, अमिनाजवळ, राहतो. ईदच्या जत्रेला तीन पैसे घेऊन जातो आणि खेळणं-खाऊ सोडून आजीसाठी लोखंडी चिमटा आणतो, कारण भाकरी भाजताना तिची बोटं तव्याला पोळतात.

'हामिद त्यागी आहे' हे वाक्य इथे तयारच असतं. म्हणून मी आधी हिशोब करायला लावते. जत्रेत पाळण्याला एक पैसा. मातीचं खेळणं दोन पैशांना. म्हणजे तीन पैशांत एक पाळणा आणि एक खेळणं बरोबर बसतं! हे फळ्यावर आलं की वर्ग जागा होतो. हामिदपुढे दुसरा रस्ता होता, अगदी नेमक्या पैशात होता. पात्रानं काय केलं यापेक्षा त्याला आणखी काय करता आलं असतं हे मुलांना आधी दिसायला हवं. पर्याय दिसल्याशिवाय निवड दिसत नाही, आणि स्वभाव कळतो तो निवडीतून.

मग गोष्ट पुन्हा वाचायची, पेन्सिल हातात घेऊन. हामिदला खेळणी नको असतात असं कुठे लिहिलंय ते शोधा. सापडत नाही. उलट तो आशाळभूत नजरेनं बघतो, मित्रांच्या खेळण्यांकडे त्याचे हात आपोआप जातात. मोहसिन रेवडीचं आमिष दाखवून त्याची थट्टा करतो. त्यावर हामिद मनातल्या मनात काय म्हणतो, तर खा म्हणावं मिठाई, तोंडं सडतील, फोड येतील! एका मुलीनं हे वाचून हात वर केला: "बाई, हा तर शाप देतोय." शेजारची लगेच म्हणाली, "आणि थापाही मारतो. मिठाई वाईट, खेळणी तकलादू, असं सगळं सांगतो ते त्याला मिळत नाही म्हणूनच ना?" चिमटा घ्यायच्या आधी त्याच्या डोक्यात आणखीही काहीतरी चालू असतं: आजी दुवा देईल, शेजारणींना दाखवेल. म्हणजे कौतुकाची हावही आहे.

त्या दिवशी फळ्यावर मी फक्त एक शब्द मोठा लिहिला: 'पण'. हामिद समजूतदार आहे, पण. या 'पण'च्या पुढे काय येतं ते प्रत्येकानं आपापलं लिहायचं. विशेषण हवं तर घ्या, मात्र ते उधारीवर मिळणार नाही. त्याच्यापोटी कथेतला एक प्रसंग मोजायचा आणि एक 'पण' जोडायचा. माझी सगळी पद्धत जवळजवळ एवढीच आहे. बाकी सगळा सराव.

संवादासाठी हीच गोष्ट पुरते. हामिदचे तीन आवाज ऐकायला सांगा. दुकानदाराशी तो घासाघीस करतो: सहा पैसे, मग पाच, शेवटी तीन. मित्रांशी तो वकिलासारखा भांडतो आणि चिमट्याला मोठा पहिलवान करून टाकतो. आजीसमोर मात्र गुन्हेगारासारखा उभा राहून एक वाक्य बोलतो. तीन मुलांना तीन प्रसंग मोठ्यानं वाचायला द्या, व्याख्यान द्यावं लागत नाही. आणि अमिनाला विसरू नका. चिमटा बघून ती आधी चिडते, दुपार झाली तरी पोरानं काही खाल्लं-प्यायलं नाही म्हणून. रडते ती नंतर. गाईडात तिचं रडणंच येतं, चिडणं येत नाही, आणि मला तर त्या चिडण्यातच ती आजी खरी वाटते.

गोष्ट कोण सांगतंय हाही प्रश्न विचारा. 'ईदगाह'च्या शेवटी निवेदक स्वतःच सांगून टाकतो की लहान हामिद म्हातारा झाला आणि म्हातारी अमिना लहान मुलगी झाली. मी तेवढा भाग झाकून ठेवते आणि मुलांना विचारते, हे सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं असतं का? निम्मे हो म्हणतात, निम्मे नाही. लेखकानं पात्र दाखवणं आणि पात्राबद्दल सांगणं यातला फरक या भांडणातून पक्का होतो.

मराठीत यायचं तर 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली. आत्मकथनाच्या जवळची असली तरी या कामाला उत्तम. आई म्हणजे प्रेमळ, हे मुलांना पाठच. मग पोहण्याचा प्रसंग वाचायचा: श्याम पाण्याला भिऊन लपून बसतो, आई त्याला बाहेर काढते, चांगली झोडपते आणि पोहायला पाठवते. तो परत आल्यावर वळांना तेल लावते, जेवताना दही वाढते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणावं हे तिला सहन होत नाही. आता 'प्रेमळ' म्हणा बरं! वर्ग दोन तट करून भांडतो. एका मुलाने लिहिलं होतं, 'ती श्यामसाठी मारते, पण थोडं स्वतःच्या मानासाठीही मारते.' मला हे पूर्ण पटलं नाही, तरी मी पैकीच्या पैकी गुण दिले, कारण त्याने ओळ दाखवली होती.

जिथे पात्र बोलतच नाही तिथे काय करायचं, यासाठी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीतली शेकूची बायको. दुसरा बैल मिळत नाही म्हणून ती बैलाच्या जोडीला स्वतःला जुंपून घेते. एवढी एक कृती, आणि माणूस उभा. इथे मी काही विचारत नाही.

'सपाट' आणि 'भरीव' पात्रं या संज्ञा शेवटी द्या. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ साली हा भेद मांडला. त्याची कसोटी मात्र नववीलाही झेपते: पात्रानं तुम्हाला चकित केलं का, आणि तरीही ते पटलं का? चकितही केलं नाही तर सपाट. चकित केलं पण पटलं नाही, तर लेखकाची लबाडी. सपाट म्हणजे वाईट नव्हे, हे सांगायला विसरू नका, नाहीतर मुलं विनोदी गोष्टीतल्या प्रत्येक पात्राला नापास करतात.

दोन ठिकाणी मी ठेचकाळले. 'तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?' हा प्रश्न फार गोड, पण उत्तरात मुलं स्वतःबद्दल लिहितात आणि हामिद बाजूला राहतो. मी तो सोडून दिला. दुसरं, एकदा मी गृहपाठ दिला की ओळखीच्या माणसाचं एकही विशेषण न वापरता वर्णन करा. एका मुलाने शाळेच्या शिपाईमामांवर लिहिलं, तंबाखू कुठे लपवतात इथपासून उधारी कुणाकडे आहे इथपर्यंत. लिहिलं होतं अप्रतिम! मी भाबडेपणानं ते वर्गात वाचून दाखवलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते मामांच्या कानावर गेलं. ते मला काही बोलले नाहीत, पण आठवडाभर माझ्या तासाला खडू आले नाहीत. तेव्हापासून शाळेतली माणसं वर्ज्य. बसमधला अनोळखी प्रवासी, आठवडी बाजारातली भाजीवाली, हे चालतं.

परीक्षेची काळजी तुम्हाला असणारच. कृतिपत्रिकेत, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत, स्वमताला (स्वतःचं मत मांडायच्या प्रश्नाला) जागा थोडी आणि वेळ त्याहून थोडा. दहावीच्या मुलांना मी सांगते: पहिल्या वाक्यात एक विशेषण, मग दोन वाक्यांत प्रसंग, मग 'पण'चं एक वाक्य. तीन विशेषणं लिहिलीत तर दोन मी खोडणार. सुरुवातीला पालक विचारतात की गाईडातलं उत्तर का चालत नाही. मी त्यांना दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला देते.

साठ मुलांचा वर्ग असेल तर पाच-सहाचे गट करा, प्रत्येक गटाला गोष्टीचं एकेक पान, आणि त्या पानावरची फक्त क्रियापदं अधोरेखित करायला सांगा. पस्तीस मिनिटांच्या तासाला तेवढंच होतं. हिशोब दुसऱ्या तासाला घ्या. पाळण्याचा एक पैसा मुलांना सापडेपर्यंत तुम्ही सांगू नका, तोंडावर आला तरी.