शीक, पण लपवू नको

पोरी,

आईचा फोन आला की तू खोलीतून उठून गच्चीवर जाते, सोबतच्या मुलींना आपली नागपूरकडची बोली ऐकू येऊ नये म्हणून, हे वाचून मला आधी राग आला. जिनं शिलाई करून तुला पुण्याला नाटक शिकायला पाठवलं, तिच्याशी तू चोरून बोलून राहिली? मग वाईटही वाटलं. रोज कोणी आपल्या बोलण्याची नक्कल करत असेल तर माणूस किती दिवस तग धरणार?

तू उच्चारांचे क्लास विचारले. खुशाल जा. नटीला न-ण आलाच पाहिजे, प्रमाण मराठी आली पाहिजे, जमली तर मालवणीही यावी. शीक, पण लपवू नको. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत अन् तू त्यांचा घोळ करून राहिली.

'तुमची मराठी हिंदीनं बिघडवली' म्हणणाऱ्यांना सांग, की १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हापासून नागपूर त्याची राजधानी. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडलं. स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचा कारभारही इथूनच चालायचा. कचेरीत, कोर्टात, बर्डीच्या बाजारात हिंदी अन् मराठी इतकी वर्षं शेजारी नांदल्या. शेजारणी एकमेकींचं काहीच घेणार नाहीत का?

अन् मराठी गद्याच्या मुळाशी जायचं तर त्यांना अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचं नाव घ्यावंच लागते. म्हाइंभटानं तेराव्या शतकात लीळाचरित्र तिथंच सिद्ध केलं. महानुभावांमधला केशोबास संस्कृतात रचना करू पाहत होता, तर पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं, कारण त्यानं पंथातल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकल्या असत्या. पंडिताची हौस मागं राहिली, म्हाताऱ्यांची गरज पुढं आली.

गाडगेबाबा पंढरपूर, नाशिक, मुंबई फिरले ते वऱ्हाडी घेऊनच. श्रोत्यांना प्रश्न विचारायचे अन् त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. तू नट आहे, तुला कळेल: उसन्या भाषेत असा सवाल-जवाब रंगत नाही, समोरचा लगेच ओळखतो.

माझ्याबद्दल तू काही ऐकलं असशील. मी शिकवत होतो तिथं मोठे पाहुणे येणार असले की सूत्रसंचालन दुसऱ्याकडे जायचं. विभागप्रमुख निवडायची वेळ आली तेव्हाही 'भाषा जरा गावठी आहे' हे माझ्या कानावर आलं. अजून सलते ते. लोक म्हणतात सर हट्टी, थोडं वाकले असते तर पुढं गेले असते. गेलो असतो, नाही म्हणत नाही. पण माझ्या वर्गात मागच्या बाकावर काटोल-उमरेडकडचे पोट्टे-पोट्टी बसायचे. बाकीच्या तासांना तोंड न उघडणारे. मी आपल्या बोलीत शिकवायला लागलो की तेही बोलायला लागायचे. प्रमुखाच्या खुर्चीसाठी मी त्यांच्यासमोर भलत्याच आवाजात उभं राहायचं? मला ते जमण्यासारखं नव्हतं, अन् आजही जमणार नाही. प्रमाण मराठीत मी पेपर काढले, लेख लिहिले, कोणाला चूक सापडली नाही. ती मी शिकलो होतो. आपली मात्र लपवली नाही.

आता तुझ्या दिग्दर्शकाचं. मोलकरणीचं काम आलं की म्हणतो 'तुझ्या भाषेत कर, लोक हसतील', अन् नायिकेला तीच भाषा चालत नाही. हे तू नुसतं ऐकून घेतलं? काऊन? मोलकरीण कर, जीव ओतून कर, तिला हसण्यावारी नेऊ देऊ नको. पण नायिकेचा एक प्रवेशही आपल्या बोलीत बसव अन् सगळ्या वर्गासमोर करून दाखव. गमतीचा घेऊ नको, भांडणाचा किंवा शोकाचा घे. तो नाही म्हणाला तर म्हणू दे, बाकीच्यांनी तर ऐकलेलं असेल.

दिवाळीला येशील तेव्हा त्या प्रवेशाची संहिता घेऊन ये. बसून वाचू, अन् शोकाच्या जागा नीट पाहून घेऊ.

तुझा,
सर